अभ्यासाचं फुकट साहित्य पोरांपर्यंत पोचवा, पेपरात जागा द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार,

निकालाचे दिवस आले की पेपरात पानंच्या पानं क्लासच्या जाहिरातींनी भरून येतात. येऊ द्या, त्याच्यावर माझं काही म्हणणं नाही, पण त्याच पेपरात आठवड्यातून एकदा पाव कॉलम तरी ह्या गोष्टीला द्या की अभ्यासाचं आणि संशोधनाचं कितीतरी साहित्य सरकारनं आणि विद्यापीठांनी इंटरनेटवर फुकट ठेवलेलं आहे आणि ते नेमकं कुठं अन् कसं शोधायचं. हे मी काऊन म्हणून राहिलो ते खाली लिहितो, पत्र थोडं लांबेल, पण शक्यतो कापू नका ही विनंती.

मी यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडच्या एका गावात शासनमान्य वाचनालय सांभाळतो, ड वर्गाचं. समोर पेपरचा टेबल, कादंबऱ्यांची कपाटं, स्पर्धा परीक्षेची थोडी पुस्तकं, आणि मागच्या खोलीत अभ्यासिका. तिथं बसतात ते पोलीस भरतीवाले, तलाठी भरतीवाले, एमपीएससीवाले, त्यात चार-दोन एम.ए. अन् एम.एस.डब्ल्यू. (समाजकार्य) करणाऱ्या पोरी, कृषीचे पोट्टे, आणि कधीमधी पीएच.डी.ला नाव टाकलेले मास्तर लोक. मोबाईल सगळ्यांजवळ आहे, रोजचा दीड-दोन जीबी डेटा आहे, मेहनतीची तयारी आहे. फक्त शोधायचं कुठं हे त्यांना कोणी बसवून दाखवलेलं नाही. मग यूट्यूबवर पहिलं जे दिसेल ते, टेलिग्रामवर कोणी टाकलेली अर्धी पीडीएफ, आणि शेवटी झेरॉक्सच्या दुकानातून रेडीमेड प्रोजेक्ट. तो प्रोजेक्ट वर्षानुवर्षं तोच राहते, वरचं नाव तेवढं बदलते. बाप कापूस विकून पैसे पाठवते आणि पोरगं ते पैसे फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर घालवते, हे पाहून जीव तुटतो साहेब.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. एक एम.एस.डब्ल्यू.ची पोरगी आली, तिचा विषय होता तिच्याच गावातल्या बायका आणि पिण्याचं पाणी. गाईड सरांनी सांगितलं की गावाची जनगणनेची आकडेवारी लाव. ती बिचारी तालुक्याला एका ऑफिसात जाऊन आली, तिथं सांगितलं नंतर ये. मी तिला म्हटलं बाई, कुठं फिरते, २०११ च्या जनगणनेची जिल्हा जनगणना पुस्तिका जनगणना खात्याच्या साईटवर पडली आहे, प्रत्येक जिल्ह्याची वेगळी, पीडीएफ, एक पैसा नाही. तिचे दोन भाग असतात. अ भागात गाववार सोयी, म्हणजे शाळा, दवाखाना, हातपंप, बोअर, पोस्ट, बस असं सगळं, आणि ब भागात गाववार लोकसंख्या, घरं, शिकलेले किती, मजूर किती. फाईल जड आहे म्हणून रात्री नेटवर्क मोकळं असते तेव्हा डाऊनलोडला लावली, सकाळी आली होती. तालुका काढला, आडवी ओळ बोटानं धरून सरकत गेलो आणि तिच्या गावाची ओळ सापडली. जी सोय गावात नाही तिथं इंग्रजीतलं ए, बी किंवा सी अक्षर राहते, ए म्हणजे ती सोय पाच किलोमीटरच्या आत, बी म्हणजे पाच ते दहा, सी म्हणजे दहाच्या वर. तिच्या गावासमोर बसच्या रकान्यात बी होतं. ती म्हणे, "काका, हे तं जुनं झालं, आता आमच्या गावात बस येते ना." म्हटलं मंग तेच लिही नं, तेव्हा काय होतं अन् आता काय आहे, कोणता हातपंप चालू आहे कोणता बंद, जाऊन मोजून ये. तिनं तसंच केलं, घरोघरी गेली, आणि तिच्या प्रोजेक्टमध्ये जे आलं ते कोणत्याच झेरॉक्सच्या दुकानात विकत मिळणारं नव्हतं.

आता संशोधनाचं. शोधगंगा हे नाव आमच्याकडच्या दहातल्या नऊ पोरांनी ऐकलेलं नसते, आणि जे मास्तर पीएच.डी. करतात त्यांनाही ते फक्त प्रबंध जमा करायच्या वेळी कळते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या सरकारी केंद्राचं, हे भांडार आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो पीएच.डी. प्रबंध पूर्णच्या पूर्ण तिथं आहेत, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमानं प्रबंध तिथं टाकायची पद्धत सुरू झाली. आपलं अमरावती विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ यांचे पण आहेत, मराठी विभागाचे प्रबंध मराठीतच आहेत, म्हणजे इंग्रजीची भीती वाटणाऱ्या पोरालाही वाचता येतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की प्रबंध बहुतेक एकाच मोठ्या फाईलमध्ये नसतो, प्रकरणावार तुकडे केलेले असतात, म्हणून मोबाईलवर डेटा कमी असला तरी जे पाहिजे तेवढंच उघडता येते. मी पोरांना सांगतो आधी संदर्भसूचीची फाईल उघडा, ती शेवटाकडं राहते. आपल्या विषयावर आधी कोणी कोणी काय लिहिलं ते एका जागी मिळते, तिथून पुढची वाट सुरू होते. मग दुसरं प्रकरण पाहा, तिथं बहुतेक वेळा पूर्वीच्या संशोधनाचा आढावा राहते. पहिलं पान उघडून ऋणनिर्देश वाचत बसू नका. आणि उतरवून काढायला जाऊ नका, विद्यापीठं आता सॉफ्टवेअर लावून तपासतात आणि पकडल्यावर प्रबंध परत येतो, वर्षं वाया जातात.

कृषीवाल्यांसाठी कृषिकोश आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं, तिथं कृषी विद्यापीठांचे प्रबंध सापडतात, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सुद्धा. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं आपल्या भागातल्या कास्तकारांचं काय केलं हे तुम्हाला सांगायची गरज नाही, त्याच वर्षी यवतमाळात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. ह्या विषयावर प्रोजेक्ट करणारा पोट्टा जर नुसता यूट्यूबवरच्या औषध कंपनीच्या व्हिडिओवर अवलंबून राहिला तर त्याला काय कळणार. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या साईटवर कापसाच्या किडीची, वाणांची माहिती देते, ती वाचली पाहिजे, आणि कृषिकोशात आपल्याच वऱ्हाडातल्या वावरात केलेले प्रयोग सापडले तर त्याच्यासारखा आधार नाही. एका पोरानं तर असं सापडलेलं वाचून आपल्या बापाला कामगंध सापळे, म्हणजे वासानं अळीचे नर पतंग ओढून पकडणारे, लावायला लावले.

इतिहासवाल्यांची वेगळीच अडचण होते, ती नीट सांगतो कारण ही गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्या भागाचा जुना इतिहास, बाजार, जाती, जंगलं, दुष्काळ, कापसाचा व्यापार, हे सगळं इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये, म्हणजे त्या त्या भागाच्या माहितीच्या सरकारी ग्रंथात, आहे. वऱ्हाडाचं १८७० चं आहे, यवतमाळ जिल्ह्याचं १९०८ चं, अमरावतीचं १९११ चं, आणि हे जुने ग्रंथ इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या फुकट साईटवर स्कॅन करून ठेवलेले आहेत, महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाचे नंतरचे ग्रंथ शासनाच्या साईटवर आहेत. पोरं आजच्या स्पेलिंगनं शोधतात आणि म्हणतात काही नाही सापडत. सापडणार कसं, इंग्रज यवतमाळला वाय, ई, ओ, टी, एम, ए, एल असं लिहायचे, अचलपूरला एलिचपूर, वाशिमला बासिम, वणीला वून, चंद्रपूरला चांदा, आणि अख्ख्या वऱ्हाडाला बेरार. ह्या नावांनी शोधलं की एकदम ढीग पडतो. गावाचं नाव पण दोन-तीन तऱ्हेनं टाकून पाहावं लागते, कारण स्कॅन केलेल्या पानावरची अक्षरं मशीनला नेहमी नीट वाचता येत नाहीत. थोडा कंटाळा येते, पण आपल्या गावचा आठवडी बाजार शंभर वर्षाआधी कोणत्या वारी भरत होता हे पानावर दिसलं की पोरांचे डोळे कसे चमकतात ते या पाहायला.

मराठीतून वाचायचं म्हणाल तर मराठी विश्वकोशाचे वीस खंड ऑनलाईन फुकट आहेत, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं काम आहे ते. पण जुन्या नोंदीतले आकडे, लोकसंख्या, विज्ञानातली नवी माहिती तशीच उचलू नका, नोंद केव्हाची ते पाहा, आता विश्वकोश मंडळाची ज्ञानमंडळं (विषयवार जाणकारांचे गट) नव्या नोंदी टाकून राहिली त्याही पाहा. केतकरांचा ज्ञानकोश पण नेटवर आहे, आणि केतकरांचं शाळेचं शिक्षण आपल्या अमरावतीत झालेलं हे पोरांना सांगितलं की त्यांना जवळचं वाटते. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं मंडळाच्या साईटवरून उतरवून घेता येतात, चरित्रं, इतिहास, विज्ञान, बरंच काही. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनानं काढलेले इंग्रजी खंड पण पीडीएफमध्ये मिळतात, आमच्याकडं ह्याची मागणी सगळ्यात जास्त आहे, आणि छापील संच आमच्या वाचनालयात येईल तेव्हा येईल, तोपर्यंत पोरं मोबाईलवर वाचतात.

शाळेतल्या लेकरांचं थोडक्यात सांगतो कारण ते बऱ्याच जणांना आता माहीत आहे. बालभारतीची पहिली ते बारावीची पुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफ आहेत, पुस्तकावरचा क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन केला की व्हिडिओ लागतो. ज्याच्या घरी डेटा नाही पण फ्री डिशची छत्री आहे त्यानं स्वयंप्रभाची, म्हणजे सरकारची शिक्षणाची, चॅनलं लावावी, त्याला इंटरनेट लागतच नाही, हे मात्र फार कमी घरात माहीत आहे. कॉलेजवाल्यांना स्वयम् ही सरकारची ऑनलाईन कोर्सची साईट आहे, २०१७ पासून, कोर्स शिकायला फुकट, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेची फी लागते, आणि कॉलेजनं मान्य केलं तर त्याचे क्रेडिट पदवीत धरता येतात. एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटीच्या लोकांनी चालवलेल्या ऑनलाईन वर्गांच्या, काही कोर्सचा मजकूर मराठीतही करून ठेवला आहे. आयआयटी खरगपूर चालवते ती राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे, तिथं भाषा मराठी निवडून शोधता येते, फक्त काही ठिकाणी पुस्तकाचं नुसतं नाव असते आणि आत पुस्तक उघडत नाही, तेव्हा निराश नका होऊ, दुसरीकडं पाहा. एमपीएससीच्या मागच्या प्रश्नपत्रिका आयोगाच्याच साईटवर आहेत, त्या बांधून दोनशे-तीनशे रुपयाला विकतात आणि आपले पोरं घेतात.

आता दोन धोके, हे तुम्ही ठळक छापाच. एक म्हणजे संशोधनाचे पेपर छापून देणारे एजंट. पीएच.डी.वाल्या मास्तरांना व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, आठ दिवसात पेपर पब्लिश, केअर लिस्टेड जर्नल, इतके इतके पैसे टाका. अहो ती यूजीसी-केअर यादी, म्हणजे चांगल्या मानलेल्या जर्नलांची (संशोधनाच्या नियतकालिकांची) यादी, यूजीसीनं २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली, तरी हे अजून त्याच नावानं पैसे मागून राहिले. जे जर्नल आठ दिवसात छापतो म्हणते ते तपासत नाही हे समजून घ्या. चांगली आणि फुकट वाचता येणारी जर्नलं पाहिजे असतील तर डीओएजे नावाची यादी आहे, २००३ पासून स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून सुरू झालेली, तिच्यात शोधा. दुसरा धोका एआयचा. पोरं चॅटबॉटला विचारतात संदर्भ दे, ते लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव, पान नंबर सगळं झकास देते, आणि त्यातलं एखादं पुस्तक जगात असतच नाही. माझा नियम साधा आहे, चॅटबॉटनं दिलेलं नाव गूगल स्कॉलरमध्ये (गूगलचं संशोधनाचे लेख शोधायचं पान) जसंच्या तसं टाकून पाहायचं, सापडलं आणि उघडून वाचलं तरच लावायचं. समजून घ्यायला, अवघड इंग्रजी उतारा मराठीत सोपा करून घ्यायला एआय वापरा, त्याला माझी ना नाही, उलट आमच्या पोरांना त्याचा चांगला फायदा होतो.

एखादा लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर गूगल स्कॉलरमध्ये त्या लेखाच्या खाली "सर्व आवृत्त्या" असं राहते तिथं दाबून पाहा, कित्येकदा लेखकानं आपल्या विद्यापीठाच्या साईटवर फुकट कॉपी ठेवलेली असते. नसली तर सरळ लेखकाला ईमेल करा, मी अमुक गावचा विद्यार्थी, अमुक विषयावर काम करतो, आपला लेख पाठवाल का. आमच्या इथल्या पोरीला बंगळुरूच्या एका प्राध्यापिकेनं लेखासोबत आणखी दोन लेख आणि चार ओळींची शाबासकी पाठवली होती. आपल्या पोरांना वाटते मोठी माणसं उत्तर देत नाहीत, देतात, विचारा तर खरं.

पैसे भरून मिळणारी जर्नलं सरकारी संस्थांतल्या लोकांना वाचायला देणारी सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं, १ जानेवारी २०२५ पासून सुरू. फार चांगलं काम आहे, मनापासून म्हणतो. पण ती केंद्राच्या आणि राज्याच्या सरकारी संस्थांपासून सुरू झाली, आणि तालुक्याच्या गावात सरकारी कॉलेज किती आहेत? आमचे पोरं शिकतात ते शिक्षण संस्थांच्या कॉलेजात. गोंदिया-गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंत तीच गत आहे. तिथं ऑनलाईन पुस्तकं-जर्नलं वाचायची इन्फ्लिबनेटचीच एन-लिस्ट नावाची सोय बऱ्याच अनुदानित कॉलेजांनी घेतलेली असते, फी वर्षाला काही हजारच, पण युजरनेम-पासवर्ड लायब्ररीतल्या कॉम्प्युटरजवळच्या वहीत पडून राहतो आणि पोरांना कोणी सांगत नाही. प्रत्येक पोरानं आपल्या कॉलेजच्या ग्रंथपालाला जाऊन हक्कानं विचारावं, आपल्याकडं एन-लिस्ट आहे का, असेल तर माझं लॉगिन द्या, नसेल तर का नाही घेतलं.

आणि ज्यांचं कॉलेज सुटलं, लग्न होऊन गावात आलेली शिकलेली सून, नोकरीसोबत एम.ए. करणारा कंडक्टर, ह्यांनी कोणाला विचारायचं? त्यांच्यासाठी गावात एकच जागा आहे, ती म्हणजे सार्वजनिक वाचनालय. आपल्या राज्यात १९६७ पासून ग्रंथालयाचा कायदा आहे, गावोगाव वाचनालयं उभी राहिली ती त्याच्यामुळं. पण अनुदानाच्या हिशोबात पुस्तकं आहेत, पेपर आहेत, आणि इंटरनेट लाईन अजून चैनीची गोष्ट समजली जाते. भारतनेटची, म्हणजे सरकारच्या गावोगाव इंटरनेट नेणाऱ्या योजनेची, तार आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आली आहे, वाचनालय ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून आहे, आणि तरी पोरं नेटवर्कसाठी बाहेर निंबाखाली उभी राहतात. एक लाईन आत ओढून द्या, एक जुना का होईना कॉम्प्युटर द्या, आणि ग्रंथपालांना जिल्ह्याला बोलावून दोन दिवस फक्त शोधायचं कसं हे शिकवा. रजिस्टर कसं भरायचं ह्याची शिबिरं आम्ही पुष्कळ पाहिली. जिल्हा ग्रंथालय अधिकारी साहेबांनी आणि आमदार साहेबांनी हे वाचलं तर त्यांना माझी हीच विनंती आहे, मोठ्या इमारतीआधी हे करा.

तुमच्याकडं मागणं एवढंच. दर आठवड्याला एक साईट, तिचं नाव, ती कोण चालवते, तिथं काय मिळते, काय मिळत नाही, मोबाईलवर चालते का, मराठीत आहे का, पैसे लागतात का, इतकंच छापा. पत्ता मोठ्या टाईपात छापा, कारण एक अक्षर चुकलं की पोरगं भलत्याच साईटवर जाते आणि तिथं हुबेहूब सरकारी दिसणारं पान फॉर्मचे पैसे मागते. बहुतेक सरकारी साईटच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन असते, विद्यापीठांच्या बहुतेक एसी डॉट इन, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. मजकूर तपासून लिहून द्यायला मी तयार आहे, मानधन नको, तालुक्यातले आणखी दोन-तीन ग्रंथपाल अन् एक निवृत्त मास्तर सोबत आहेत. आम्ही आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर दर रविवारी एक साईट लिहितोच, ह्या रविवारी कृषिकोश आहे, पुढच्या रविवारी शोधगंगा, कोणाला बसून शिकायचं असेल तर सकाळी नऊनंतर मोबाईल चार्ज करून यावं.

आपला नियमित वाचक,
एक ग्रंथपाल
ता. घाटंजी, जि. यवतमाळ